मुख्याध्यापकबाईंचं दहावं वर्ष

तळ्याकाठचा व्हिला भाड्याने घ्यायला फार मोठी ऐपत लागते, असा लोकांचा समज आहे. तसं काही नाही. योग्य वेळी दोन सेकंद गप्प बसता आलं की झालं. मी बसलो. त्या दोन सेकंदांची फळं मी पुढे एकवीस दिवस चाखली, त्यातला शेवटचा आठवडा सर्दीसकट.

झालं असं, की एकोणीस उन्हाळे आम्ही नवरा-बायको सुट्टीला ग्राझला मेहुणीकडे जात होतो. मेहुणी चांगली आहे. साडूही वाईट नाही, पण घर गरम ठेवणारी जी काही यंत्रणा त्याने तळघरात बसवली आहे ती तो मला दरवर्षी नव्याने समजावून सांगतो, आणि तीसुद्धा भर जुलैत. यंदा फेब्रुवारीत ट्राउडलने, म्हणजे माझ्या बायकोने, वर्तमानपत्र माझ्या सूपशेजारी आपटलं.

"हे वाच. आटरच्या तळ्याकाठी व्हिला, तीन आठवडे. पायऱ्या उतरल्या की पाणी. मला पोहायचंय, बेर्टल. तुझ्या साडूचा तो बॉयलर पुन्हा बघायला नेलंस ना, तर मी त्यातच उडी घेईन."

"साडू माझा, पण बहीण तुझी," मी म्हणालो. तिने ते ऐकलं नाही.

जाहिरातीत अट एकच होती: 'झाडांची जाण असलेल्या सभ्य कुटुंबालाच.' सभ्य आम्ही आहोतच. राहिली जाण. मी व्हिएन्नाच्या उद्यान खात्यात सत्तावीस वर्षं आहे हे अगदी खरं, पण माझ्याकडे बाकं आहेत. कुठे बाक हवं, कुठलं मोडलं, कुठल्या बाकावर कबुतरं फार बसतात, अशी पत्रं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना क्रमांक देतो. झाडं समोरच्या खोलीत. त्या खोलीत मी आजवर फक्त साखर मागायला गेलोय.

मी फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "मुख्याध्यापकबाई प्लोनर बोलतेय."

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे ऑस्ट्रियात माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे त्याला रस्त्यात उघडं पाडण्यासारखं आहे. हुद्दा लावायचा. नवऱ्याला हुद्दा असेल तर तो बायकोलाही लागतो आणि नवरा गेला तरी उतरत नाही. प्लोनरबाईंचे यजमान गावच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली, मुलं कमी झाली म्हणून शाळाही बंद पडली, पण बाईंचं मुख्याध्यापकपण ठणठणीत होतं.

"आपण काय करता?" बाईंनी विचारलं.

"व्हिएन्नाच्या उद्यान खात्यात अधिकारी आहे."

"अग्गोबाई! म्हणजे बागांचे अधिकारीसाहेब!"

हेच ते दोन सेकंद. खोटं मी बोललो नाही. मी फक्त घसा साफ केला. तेवढ्यात बाईंनी व्हिला आम्हाला देऊनही टाकला.

*

आम्ही पोचलो तेव्हा टॅक्सी दारात उभी होती. बाई गुडघ्याच्या ऑपरेशनला निघाल्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझ्यासाठी पाच पानं. त्यातलं अर्धं पान घराबद्दल होतं, उरलेली साडेचार झाडांबद्दल.

"वर बघा, साहेब," त्या म्हणाल्या.

मी वर बघितलं. लाकडी व्हिला, दोन मजले, तिन्ही बाजूंनी गॅलरी, आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली ओघळणारी लालभडक जिरेनियमची झाडं. एकूण त्रेचाळीस.

"गावच्या फुलांच्या स्पर्धेत नऊ वर्षं लागोपाठ आपला पहिला नंबर आहे. बरोबर दोन आठवड्यांनी, शनिवारी, समिती येईल. दहाव्यांदा आला की तांब्याची झारी कायमची या घरात राहते. आजवर कुणाच्याच घरात राहिलेली नाही."

"येईलच हो," मी म्हणालो.

"येईलच म्हणू नका. मी पहिल्यांदा भाग घेतला त्याच वर्षी आमच्या यजमानांनी सांगितलं होतं, 'आमाल्या, दहा वर्षं लागोपाठ कुणालाही जमणार नाही, तुलाही नाही.' आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात गेले. मग मीही दोन-चार वर्षं काही केलं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला मी एकदाही 'तुमचं बरोबर होतं' असं म्हटलेलं नाही, साहेब. आता तर मुळीच म्हणणार नाही. या झाडांपायी गुडघा तीन वर्षं पुढे ढकलला मी. यंदा डॉक्टर ऐकेनात. ही झाडं दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नसती. पण तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते."

टॅक्सी गेली. ट्राउडल माझ्याकडे बघत होती.

"बेर्टल, आपल्या घरी कॅक्टस होता."

"त्याचं वय झालं होतं."

"तो प्लास्टिकच्या कुंडीसकट सडला रे! कॅक्टस!" असं म्हणून ती पोहायचे कपडे शोधायला आत गेली.

*

पाहुण्यांनी चोवीस तासांत गावच्या कचेरीत नाव नोंदवावं असा आमच्याकडे कायदा आहे, आणि कायदा मोडणं माझ्या रक्तात नाही. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. 'बाक विभाग' लिहायला मी पेन टेकवलंही, पण समोर खुद्द सरपंच आइब्ल उभे. म्हणाले, "लिहिण्याची काय गरज, साहेब? बाईंनी सगळ्या गावाला सांगितलंय." आणि त्यांनीच माझ्या हातातून फॉर्म घेऊन त्या रकान्यात ऐसपैस अक्षरांत लिहिलं: उद्यानतज्ज्ञ. वर शिक्काही मारला. शिक्का बसलेल्या कागदाशी वाद घालायचा नसतो, हे मी सत्तावीस वर्षं इतरांना सांगत आलोय.

दुसऱ्या दिवसापासून लोक यायला लागले. कुणी आजारी टोमॅटो घेऊन, कुणी किडका गुलाब घेऊन. सकाळी कॉफीचा कप तोंडाला लावला की कुंपणाच्या दारात कुंडी हजर. मी काय करणार? ऑफिसात करतो तेच केलं. झाडाकडे गंभीरपणे बघायचं, पान उलटं करायचं, 'हं' म्हणायचं आणि सांगायचं, "तूर्त काही बदल करू नका. निरीक्षण करा. दहा दिवसांनी कळवा." यात अर्धी झाडं आपोआप सुधारली आणि माझी कीर्ती पलीकडच्या गावापर्यंत गेली. जी मेली त्यांचे मालक म्हणाले, साहेबांकडे न्यायला आम्हीच उशीर केला.

फक्त शेजारचे पोस्टमास्तर लॉइडल नुसते बघत असत. निवृत्त माणूस, हातात कायम झारी. स्पर्धेत नऊ वर्षं त्यांचा दुसरा नंबर होता.

"साहेब, व्हिएन्नात जिरेनियमला पाणी कसं देता?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"नियमाप्रमाणे," मी म्हणालो.

"वा!" पोस्टमास्तर म्हणाले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

बाईंच्या साडेचार पानांत पाण्याचा नियम होता. 'माती कोरडी वाटली तरच द्यावे.' आता वाटणं हा शब्द सरकारी माणसाला झेपत नाही. कुणाला वाटली? बोट किती खोल घालून? मी सावधगिरीचा मार्ग धरला आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरपूर पाणी घातलं. ट्राउडल खाली तळ्यात पोहत होती, वर मी झाडांना पोहायला शिकवत होतो.

पाचव्या दिवशी पानं पिवळी पडली.

मला वाटलं, पाणी कमी पडलं. वाढवलं.

सातव्या दिवशी पानं गळायला लागली. आता सल्ला घेणं आलं, पण तज्ज्ञाने सल्ला मागायचा कसा? मी सगळ्यांची परीक्षा घेतल्यासारखं विचारायला लागलो. "समजा, समजा हं, एखाद्याच्या जिरेनियमची पानं पिवळी पडली, तर तुम्ही काय कराल?" बेकरीवाली म्हणाली, कॉफीचा चोथा. पाद्रीबाबा म्हणाले, अंड्यांच्या टरफलांचं पाणी. पोस्टमास्तर म्हणाले, बिअर. मी तिघांचीही उत्तरं बरोबर ठरवली आणि त्याच दिवशी तिन्ही उपाय केले. गॅलरीला दुसऱ्या दिवशी गुत्त्याचा वास येत होता.

आणि रोज सकाळी सातला बाईंचा फोन. ऑपरेशन झालेल्या बाई! स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक अक्षर नाही, आमची चौकशी तर दूरच.

"तळ्याकडच्या बाजूचा तिसरा काय म्हणतोय?"

"मजेत आहे."

"कळ्या किती?"

"अकरा."

"काल चौदा म्हणालात."

"तीन उमलल्या," मी म्हणालो. त्या दिवसापासून मी चक्क वही घातली. त्रेचाळीस झाडांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या आणि प्रत्येकाच्या खोट्या कळ्या तारीखवार लिहून ठेवायला लागलो. म्हणजे थापेला थाप जुळायला हवी ना! इतकं नीटनेटकं दप्तर मी ऑफिसातही ठेवलेलं नाही. ट्राउडलने ती वही वाचली आणि कपाळावर हात मारला.

"अरे, त्या बिचारीला खरं सांग. हात जोडून सांग."

"ऑपरेशन झालेल्या बाईला? तिचं दहावं वर्ष आहे!"

"मग लाज तरी बाळग थोडी," ती म्हणाली. लाज मला होतीच. रात्री डोळा मिटला की 'तुम्ही आहात म्हणून निर्धास्त जाते' हेच ऐकू यायचं.

दहाव्या दिवशी सरपंच आइब्ल टोपी हातात घेऊन आले. समितीतल्या एका सभासदाच्या मेव्हण्याने स्पर्धेत नाव दिलं होतं, म्हणून तो बाद. नियमाप्रमाणे जागा बाहेरच्या तटस्थ माणसाने भरायला हवी. "आणि देवाने तुम्हालाच पाठवलंय, साहेब."

"पण मी तर इथे भाड्याने राहतो! बाईंच्याच घरात!"

"भाडेकरू नातेवाईक नसतो. मी नियम बघितलाय," सरपंच म्हणाले. माझ्याच हत्याराने मी मारला गेलो. आतून ट्राउडलचा आवाज येत होता. ती तोंडात टॉवेल कोंबून हसत होती.

*

अकराव्या दिवशी सकाळी आम्ही घाट ओलांडून पलीकडच्या खोऱ्यातल्या नर्सरीत गेलो. आदल्या रात्रीपर्यंत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस झाडं वठली होती, ती मी तळघरात रांगेने ठेवली होती. फेकवली नाहीत, निकाली न निघालेलं प्रकरण फेकायची मला सवय नाही.

नर्सरीच्या दारात एक ओळखीची हिरवी गाडी उभी होती. गाडीच्या मागच्या दारातून तीसेक टवटवीत जिरेनियम आत सरकवत होते पोस्टमास्तर लॉइडल.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो.

"माती घ्यायला आलो होतो," पोस्टमास्तर म्हणाले.

"मीही मातीच," मी म्हणालो.

तेवढ्यात नर्सरीवाला आतून ओरडला, "पोस्टमास्तर, दरवर्षीसारखी तीस झाली, की अजून देऊ?"

पोस्टमास्तर लालबुंद झाले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, आता लपवण्यात अर्थ नाही. अर्धं गाव इथूनच नेतं. फक्त मुख्याध्यापकबाई नेत नाहीत. हिवाळाभर त्यांची झाडं तळघरात असतात, आणि त्या त्यांच्यापाशी स्टूल घेऊन बसतात. मी दरवर्षी ताजी विकतची आणतो आणि दरवर्षी दुसरा येतो." मग त्यांनी माझ्या रिकाम्या गाडीकडे बघितलं. "सगळी गेली?"

"सगळी."

"बिअरने?"

"आधी पाण्याने. बिअर नंतर."

"अरेरे," पोस्टमास्तर म्हणाले, आणि मला शपथेवर सांगतो, त्या माणसाला आनंद झाला नाही.

नर्सरीत लाल झाडं एकोणतीसच उरली होती. बाकीची चौदा मला गुलाबी घ्यावी लागली. ट्राउडल मांडीवर चार, पायाशी सहा आणि खांद्यावरून केसात शिरलेलं एक घेऊन घाटभर बसली. घरी आल्यावर मी डोकं चालवलं. समिती येणार रस्त्याने. म्हणून रस्त्याकडे आणि फाटकाकडे सगळी लाल लावली आणि गुलाबी चौदा लावली तळ्याकडच्या बाजूला, जिकडे बघायला फक्त बदकं होती.

*

शनिवारी सकाळी कोट-टाय घालून मी कचेरीपाशी गेलो. सरपंच मला हाताला धरून धक्क्यावर घेऊन गेले. तिथे सपाट बुडाची मोठी लाकडी होडी उभी होती.

"हे काय?" मी विचारलं.

"परीक्षणाला निघायचं ना! आपल्या गावची घरं तळ्याकडे तोंड करून आहेत, साहेब. शंभर वर्षं परीक्षण पाण्यातूनच होतं. रस्त्याकडून काय बघायचं, संडासाच्या खिडक्या?"

होडीत सरपंच, समितीची चिटणीस म्हणून बेकरीवाली आणि मी. एकेक घर करत आम्ही पोस्टमास्तरांच्या घरासमोर आलो. सुंदर. मग पुढचं वळण घेतलं.

व्हिलाच्या धक्क्यावर खुर्ची टाकून मुख्याध्यापकबाई बसल्या होत्या. मांडीवर कुबड्या. हॉस्पिटलातून एका दिवसाची सुट्टी मागून, टॅक्सी करून आल्या होत्या. शेजारी ट्राउडल उभी, तोंड पांढरंफटक. आणि त्यांच्या वर, अख्ख्या गॅलरीभर, गुलाबी.

"आई गं!" बेकरीवाली म्हणाली. "काय सुरेख! एकसारखी गुलाबी!"

"व्हिएन्नाची नवी पद्धत दिसतेय," सरपंच म्हणाले. "बाईंनी साहेबांवर सोपवलं ते उगाच नाही. माझ्याकडून पैकीच्या पैकी. साहेब, तुमचं मत द्या की दहावं वर्ष झालं!"

मला फक्त मान हलवायची होती. पुन्हा दोन सेकंद गप्प. झारी बाईंची झाली असती, मुख्याध्यापक खोटे पडले असते, मी गावात देवमाणूस ठरलो असतो. मी बाईंकडे बघितलं. त्या गुलाबी झाडांकडे बघतच नव्हत्या. कठड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या कुणालातरी शोधत होत्या. परत पहिल्या टोकाकडे येत होत्या आणि पुन्हा शोधत होत्या.

मी ताडकन उभा राहिलो. सपाट बुडाच्या होडीत उभं राहायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सरपंच, ही बाईंची झाडं नाहीत! विकतची आहेत! बाईंची मी मारली! मी बागेतला माणूस नाही, मी बाकांचा माणूस आहे! बाकांच्या फायली..."

पुढचं वाक्य मी पाण्याखाली पूर्ण केलं. आटरचं पाणी ऑगस्टमध्येही थंड असतं. ट्राउडलने कपड्यांनिशी उडी मारली आणि मला टायला धरून धक्क्याकडे ओढत आणलं. "मूर्खा," ती कानात म्हणाली, "शेवटी बोललास तर!" इतक्या वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या प्रेमाने बोलल्याचं मला आठवत नाही.

मी ओलाचिंब धक्क्यावर उभा राहिलो. बाई खुर्चीतून उठल्या नव्हत्या.

"माझी कुठेत?" त्यांनी विचारलं.

"तळघरात."

"टाकली नाहीत?"

"नाही. चिठ्ठ्या बांधून ठेवलीत. एक ते त्रेचाळीस."

बाई कुबड्या घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरल्या. कुणाचाही हात धरला नाही. पहिल्या वठलेल्या काडीपाशी थांबल्या आणि नखाने साल खरवडली. कोरडी. दुसरी, कोरडी. तिसरीच्या सालीखाली हिरवी रेघ दिसली. मग बाई एकेक काडी खरवडत गेल्या, आणि मी मागे वहीत लिहीत गेलो. हिरवी निघाली एकोणीस.

"बुडून अर्धमेली झालीत, पण मेली नाहीत ही," बाई म्हणाल्या. "छाटून, कोरड्या मातीत लावली तर वसंतात उठतील. लावेन मी. तुम्ही हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.

वर सरपंचांनी निकाल जाहीर केला. पहिला नंबर पोस्टमास्तर लॉइडल. नऊ वर्षं वाट बघितलेली झारी पोस्टमास्तरांनी दोन्ही हातांनी घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली वळवली. मीही बुटांकडे बघितलं. बूट तोंडातून पाणी सोडत होते.

मला वाटलं, आता बाई सामान बाहेर काढायला सांगणार. तयारीही ठेवली. पण बाईंनी कुबडीने माझ्या पोटात हलकेच टोचलं.

"चला."

"कुठे?"

"चला म्हणते ना. आणि ते एक गुलाबी घ्या बरोबर."

चर्च जवळच होतं. मागे उतारावर कबरी. बाई मुख्याध्यापकांच्या दगडापाशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या, वर्गासमोर उभं राहावं तशा.

"योहान," त्या म्हणाल्या, "दहा झाली नाहीत. तुमचं बरोबर होतं."

आणि डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही. मी गुलाबी कुंडी हातात धरून उभा होतो, कोटातून तळं ठिबकत होतं.

"फार खूश होऊ नका," बाई दगडाला म्हणाल्या. "माझ्याकडून चूक झालेली नाही. सगळं यांनी केलंय." मग माझ्याकडे वळल्या. "सांगा ना. उभे काय राहिलात? तुम्हीच सांगा त्यांना."

मी कुंडी खाली ठेवली, टाय सरळ केला आणि म्हणालो, "सर, चूक माझी आहे."

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

मग मी मोठ्यानं सांगितलं.